हवापालट

चैत्र लागला की आमच्या अंगणात राख पडते. फार नाही. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलं की फरशीवर एखादं काळं पान दिसतं. जळून कुरळं झालेलं असतं, पण त्याच्या शिरा जशाच्या तशा असतात, आणि बोट लावलं की ते नाहीसं होतं. कुठल्या डोंगरावरून आलं ते कुणालाच सांगता येत नाही. गोंदियाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला जंगलच जंगल आहे, आणि या दिवसांत त्यातला एखादा डोंगर जळत असतोच. शेजारची मिसराईन आपल्या ओट्यावरची राख झाडूनं लोटते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "फिर शुरू हो गया, बहनजी." मी मान हलवते. अक्का ती राख लोटतही नाहीत आणि ओलांडतही नाहीत. वळसा घालून जातात.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही दोघीच या घरात राहतो. मी मुलींच्या शाळेत शिकवते, घर अक्का बघतात. माझ्या नवऱ्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं. त्यांचं नाव घ्यायची मला चोरी होती, म्हणून मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणत असे. अजून तेच म्हणते.

लोक वसंताचं कौतुक करतात ते मला कळतं. मलाही कैरी आवडते, दारच्या कडुलिंबाचा मोहोर आवडतो. पण बाजारात मोहाची फुलं आली, टोपल्यांमधून तो गोड, जड, किंचित आंबलेला वास सुटला, की माझे पाय आपोआप भराभर पडू लागतात. कुठून तरी निघून जायचं आहे आणि उशीर झाला आहे, असं वाटत राहतं.

ही गोष्ट लढाई सुरू व्हायच्या आधीची. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या हिवाळ्यात मास्तर विषमज्वरानं अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा अंगावर नुसती कातडी उरली होती आणि छातीत खोकला बसला होता. डॉक्टर म्हणाले, "औषध आता पुरे. हवापालट करा. इथं राइस मिलचा धूर, इंजिनाचा धूर, घरोघर विडीचा धूर. डोंगरावर घेऊन जा यांना. चांगली हवा मिळाली की महिन्याभरात घोड्यासारखे धावतील."

चांगली हवा! डॉक्टरांचा काही दोष नव्हता. त्यांनी मनापासून सांगितलं, आम्ही मनापासून ऐकलं.

मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील अर्जुनीकडचे कोहळी होते. कोहळ्यांनी त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. दोन डोंगरांच्या मधली फट पाहायची, मातीची पाळ घालायची आणि अख्ख्या पावसाळ्याचं पाणी अडवून खालच्या धानाला द्यायचं. त्यांच्या गावाच्या वर असाच एक मोठा जुना तलाव होता आणि तलावाच्या वर, पठाराच्या कडेला, जंगलखात्याचा बंगला होता. साहेबलोक थंडीत शिकारीला येत, उन्हाळ्यात तो रिकामाच असायचा. त्या कोहळी गृहस्थांनी शब्द टाकला आणि बंगला आम्हाला मिळाला.

आमच्याबरोबर अक्काही निघाल्या. त्यांना कुठं ठेवणार? लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, तेव्हापासून त्या माहेरीच, आणि पुढं भावाकडे होत्या. लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं, हातात सतत काहीतरी काम. तोपर्यंत मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या घरात आहेत हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

छोट्या लाइनीच्या गाडीनं आम्ही अर्जुनीला उतरलो. तिथून बैलगाडी. धानाची बांध्या-बांध्यांची रिकामी शेतं मागे पडली, आणि चढ लागला तसं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. पळस फुलून गेलेला होता, त्याच्या पाकळ्या चाकाखाली चिरडत होत्या. ऐन, धावडा, तेंदू, बांबू, सगळं वाळलेलं. गाडीच्या आवाजापेक्षा पाल्याचा आवाज मोठा होता. खारुताई पळाली तरी कुणी माणूस चालत येतंय असं वाटे.

आणि मग एका वळणावर झाडं संपली आणि पाणी दिसलं. एवढं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. चहूकडे डोंगर आणि मधे ते निळंगार, शांत. काठाच्या चिखलात सारसांची जोडी उभी होती. मास्तर गाडीतून उतरले, दीर्घ श्वास घेतला आणि खोकला न येता सोडला. माझ्याकडे बघून ते हसले. मला वाटलं, झालं, आपण आलो तिथंच अर्धं दुखणं गेलं.

बंगल्याचा चौकीदार सोमा आणि त्याची बायको सुकाबाई, दोघंही गोंड, मागच्या झोपडीत राहायची. सोमानं सामान उतरवून घेतलं. मास्तरांनी विचारलं, "हवा कशी आहे रे इथली?"

"हवा लय चांगली हाय जी," तो म्हणाला. मग पठाराकडे बघत, "वाऱ्याचं मातर सांगता येत नाइ."

पहिले दिवस मी अजून एकेक करून आठवते, जपून आठवते. सकाळी व्हरांड्यात लांब हातांच्या खुर्चीत मास्तर बसलेले असत आणि मी पायरीवर. गोंदियात आम्ही दिवसाउजेडी एकमेकांशी चार वाक्यं बोलत नव्हतो, इथं तोंडाला खळ नव्हता. ते मला पक्ष्यांची नावं सांगायचे आणि त्यांतली अर्धी चुकीची असायची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पक्ष्याचं नाव वेगळं असायचं. मी हसले की म्हणायचे, "मास्तराला चूक दाखवायची नसते." जेवण साधंच असे. नव्या तांदळाचा भात, कच्च्या टोमॅटोची भाजी, सुकाबाईनं आणून दिलेला जंगलातला कोवळा पाला. पण ते दोनदा मागून घ्यायचे. गाल भरू लागले. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन धाप न लागता परत येऊ लागले.

आणि अक्का! त्या बंगल्यावर त्यांना करायला कामच नव्हतं, दोन खोल्या झाडून किती वेळ झाडणार? एके दिवशी पहाटे सुकाबाई टोपली घेऊन मोह वेचायला निघाली, तेव्हा अक्का तिच्या मागे सहज म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. मग ते रोजचंच झालं.

एकदा मीही गेले होते. पठारावर, बंगल्यापासून बरंच आत, सुकाबाईचं झाड होतं. तिच्या आईनं वेचलेलं, आजीनं वेचलेलं. झाडाखालचा पाला तिनं आधीच जाळून जमीन स्वच्छ केली होती, म्हणजे फुलं दिसतात आणि हाताला काटा लागत नाही. त्या काळ्या गोलावर पहाटेची फुलं पडलेली होती, फिकट पिवळी, मऊ, रसानं फुगलेली, आणि वरून अजून एकेक टपकत होती. अक्का खाली बसून दोन्ही हातांनी वेचत होत्या. पदर डोक्यावरून घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता. वाऱ्याची झुळूक त्यांच्या उघड्या डोक्यावरून जात होती. एक फूल नेमकं त्यांच्या टाळूवर पडलं. सुकाबाई तोंडावर हात दाबून हसायला लागली, आणि अक्काही हसल्या. मोठ्यानं, खळखळून. मी झाडाच्या पलीकडे उभी राहून ऐकत राहिले. सुरुवातीला परत आल्यावर अक्का अंघोळ करीत, विटाळ नको म्हणून. पुढं पुढं ते सुटलं. मग एकदा मी पाहिलं, सुकाबाईच्या भोपळ्याच्या तुंब्यातून त्या पाणी पीत होत्या. मी पाहिलं हे त्यांना कळलं. त्यांनी तुंबा खाली ठेवला नाही, घोट पुरा केला.

पण पहिल्याच आठवड्यात कोहमारा गावाच्या बाजूला धूर दिसला होता.

संध्याकाळी त्या दूरच्या डोंगरावर एक लाल रेघ उमटली. वाकडीतिकडी, बारीक, हळूहळू सरकणारी. मास्तरांनी मला हाक मारून कठड्याशी उभं केलं. "बघ," म्हणाले, "डोंगरानं माळ घातली." मला ती फार सुंदर वाटली. कुठंतरी दिवाळी चालू आहे आणि आपण दूर बसून बघतो आहोत, असं वाटलं. तेव्हा एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं. सोमा कंदिलाची काच पुसत बसला होता आणि त्यानं त्या डोंगराकडे पाठ केली होती.

"कोण लावतं रे ही आग?" मास्तरांनी विचारलं.

"मोवा येचाले लावते जी लोक. झाडाखालचा पाला जाळते. आपलं झाड संपलं का इझवाची रायते. कोनाच्या हातची सुटून जाते."

"इकडे येईल?"

"दूर हाय," सोमा म्हणाला. बराच वेळ काच पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती रेघ अलीकडच्या डोंगरावर होती. मग काही दिवस दिसलीच नाही आणि आम्ही तिला विसरलो. मग पुन्हा दिसली, या वेळी दोन ठिकाणी. दिवसा सूर्य तांब्याच्या ताटासारखा दिसू लागला. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. तलावाच्या पाण्यावर साय धरल्यासारखी राखाडी पापडी धरे आणि ओंजळीतलं पाणी किंचित कडू लागे. मोर ओरडायचे थांबले. चितळांचे कळप भर दुपारी, माणसं दिसत असताना, पाण्यावर येऊ लागले. ते प्यायचे आणि निघून न जाता तिथंच उभे राहायचे. एका सकाळी बंगल्याच्या कौलांवर माकडं बसलेली होती. ती खेळत नव्हती की ओरडत नव्हती. सगळी पश्चिमेकडे तोंड करून बसली होती, पिलंसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या तर एकानंही मान वळवली नाही.

सुट्टीतला माणूस किती गोष्टी मोजत नाही! घरी असते तर दाराशी एवढी चिन्हं बघून मी कधीच सामान बांधलं असतं. पण तिथं गार व्हरांडा होता, पुढं पाणी होतं, आणि मास्तर गाणं गुणगुणत दाढी करीत होते. आम्ही आरामाला आलो होतो. आराम करणाऱ्या माणसाला भीती वाटली तरी ती उद्यावर ढकलता येते.

तरी मी एकदा म्हटलं होतं. "आपण परत जाऊ या. तुम्हाला आता बरं वाटतंय."

ते खुर्चीत पुढं झुकले. मग हळूच, पलीकडे अक्का ऐकणार नाहीत अशा आवाजात म्हणाले, "तू तिला हसताना ऐकलंस? मी ऐकलं परवा. तिचं लग्न झालं तेव्हा मी पाळण्यात होतो. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी ते. अजून थोडे दिवस राहू."

हे मी अक्कांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

त्या दिवशी पहाटे अक्का आणि सुकाबाई नेहमीसारख्या पठारावर गेल्या. ऊन वर यायच्या आत त्या परत येत असत. सोमा लवकरच खालच्या गावाकडे निघाला. आदल्या संध्याकाळी आग डोंगराच्या मागच्या सोंडेवर उतरली होती, माणसं आणून पाला ओढून आग अडवायला पट्टा मोकळा करायचा होता. जाताना तो म्हणाला, "वारा दुपारी सुटते जी. तवर मी येऊन जातो."

वारा दुपारपर्यंत थांबला नाही. मी तांदूळ धूत होते. एकाएकी व्हरांड्यातली चटई उडून भिंतीला आपटली आणि गरम, भट्टीच्या तोंडासारखी झुळूक आत आली. झुळूक कसली, ती थांबलीच नाही. मी बाहेर आले तेव्हा पठारावरचं आभाळ पिवळं झालं होतं. धूर वर जात नव्हता, झाडांच्या शेंड्यांवरून आमच्याकडे वाहत होता. आणि आवाज येत होता. आधी लोखंडी पुलावरून मालगाडी जावी तसा. मग त्यात बांबू फुटायला लागले. बंदुकीच्या बारासारखे एकामागून एक.

मास्तर पायरी उतरले होते. त्यांनी पंचा बादलीत बुडवला आणि पिळून तोंडाभोवती गुंडाळला.

"कुठं चाललात?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठं चाललेत.

"अक्का तिकडे आहे."

"सुकाबाई आहे ना बरोबर! ती या रानातली आहे. सोमा येतोय, माणसं येतायत. तुम्ही नका जाऊ. तुमच्यानं होणार नाही." मी त्यांचा हात धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता, तिथं चारचौघे नव्हतेच.

"यमू," ते म्हणाले. नाव घेऊन हाक मारली त्यांनी. "मी झाडापर्यंत जाणार नाही. वाटेवर उभा राहून हाका मारीन. धुरात वाट सुटली असेल तर आवाजावर येतील त्या. तू पाळीवर जाऊन पाण्याशी थांब. बंगल्याला आग लागली तर पाण्यात उतर. मी आलोच."

हात त्यांनी सोडवून घेतला नाही. मीच सोडला असेन, किंवा सुटला असेल. ते चालत गेले. बरे झालेल्या माणसासारखे, ताठ, भराभर. झाडांत शिरल्यावर एकदा त्यांची हाक ऐकू आली, "अक्काऽऽ," मग त्या आवाजात बुडून गेली.

मी पाळीवर जाऊन पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहिले. थोड्या वेळानं माझ्याजवळ पाणी हललं. एक सांबराची मादी आणि तिचं पिल्लू उतरत होतं, हाताच्या अंतरावर. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागून रानडुकरं आली, ससे आले, एक धामण पाण्यावरून वळवळत गेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आम्ही सगळी पठाराकडे तोंड करून उभी होतो. माझ्या मनात आलं, कौलांवरची माकडं अशीच बसली होती.

अक्का आणि सुकाबाई पठारावरून आल्या नाहीत. तलावाच्या लांबच्या टोकाकडून, काठाकाठानं आल्या. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत काळे, तोंडं काळी, आलवणाचा काठ जळालेला. पण चालत आल्या. सुकाबाईनं अक्कांचं मनगट घट्ट धरलं होतं. मी धावत गेले, अक्कांना मिठी मारली. त्यांचं अंग तापलेल्या दगडासारखं होतं.

"वामन आला का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. सुकाबाईनं त्यांचं मनगट सोडलं आणि ती जमिनीवर बसली.

सोमा गावातली माणसं घेऊन आला तोवर आग पठार ओलांडून पुढं निघून गेली होती. बंगला तसाच उभा होता. माणसांना मास्तर एका कोरड्या नाल्यात सापडले. अंगावर भाजल्याची खूण नव्हती, फक्त पाय थोडे पोळले होते. खडकाला टेकून बसले होते. मोहाच्या झाडाच्याही पुढं, बरेच पुढं. खाटेवर घालून आणलं. श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येत होता. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "अक्का?" मी म्हटलं, "आल्या. इथंच आहेत. बऱ्या आहेत." त्यांनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी. अक्का उशाशी बसून त्यांच्या छातीवर ओलं फडकं ठेवत होत्या, काढत होत्या, पुन्हा ठेवत होत्या. गाडी जुंपायला माणूस गेला होता. ती यायच्या आधी, दिवस मावळायच्या आत, ते गेले. पुढं तलाव तसाच निळा होता.

गोंदियाला परत आल्यावर माणसं जमली. मास्तरांचे काका आले. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं, की तू माहेरी जा, तुझं वय लहान आहे. मग आवाज खाली न आणता, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "ही बाई आधी नवरा खाऊन बसली, आता भाऊ खाल्ला. हिच्या सावलीत राहू नकोस." आतून भांड्याचा आवाज आला नाही. कशाचाच आला नाही. मी म्हटलं, "अक्का राहतील तिथं मी राहीन." मला तेव्हा फार धैर्य होतं असं नाही. पण त्या माणसानं पहाटे त्या मोहाखाली हसणाऱ्या अक्कांना पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं.

नागपूरला राहून मी शिक्षिका होण्यासाठी नॉर्मल स्कूल पुरी केली आणि परत येऊन शाळेत लागले. अक्कांनी घर सांभाळलं. पुन्हा त्या भांड्यांच्या आवाजापुरत्या उरल्या.

मी नागपूरला जायच्या आधी, आगीच्या पुढच्याच वर्षी, मोहाच्या दिवसांत, सुकाबाई आली होती. छोट्या लाइनीनं, वाळवलेल्या मोहाची टोपली घेऊन, एकटी. मी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आत जाऊन सांगितलं. अक्का चुलीपुढून उठल्या नाहीत. सुकाबाई खूप वेळ बसून राहिली.

"बाई काऊन बाहेर येत नाइ जी?" तिनं मला विचारलं. "माह्यावर राग हाय काय?"

"राग कशाचा, सुकाबाई? तुम्ही तर त्यांना वाचवलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. टोपली ठेवून उठून गेली. नंतर कधी आली नाही.

त्यानंतर लढाई आली, महागाई आली, धान्याची रांग आली, लढाई संपलीही. आता म्हणतात राज्य बदलणार. दर चैत्रात अंगणात राख पडत राहिली.

या वर्षी एका दुपारी अक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. मी शाळेच्या वह्या तपासत होते. बाहेर ऊन नुसतं उभं होतं. अक्का मान वर न करता म्हणाल्या, "यमू, मी त्याची हाक ऐकली होती."

मी वही मिटली.

"आम्ही त्या काळ्या जागेत उभ्या होतो," त्या म्हणाल्या. "झाडाखाली सुकानं जाळून ठेवलेली. तिथं जळायला काही उरलं नव्हतं, म्हणून आग दोन्ही अंगांनी निघून चालली होती. सुका म्हणाली, बाई इथून हलायचं नाही. आणि तेवढ्यात वामननं हाक मारली. अगदी जवळून. मी ओ दिली, ती त्याला पोचली नाही. मग त्यानं पुन्हा हाक मारली ती पुढून. तो आम्हाला ओलांडून गेला होता, यमू. आमच्याकडे येण्याऐवजी पुढं चालला होता. मी निघाले. सुकानं धरलं. मी तिला मारलं, चावले, शिव्या दिल्या. कुठून आल्या त्या शिव्या माझ्या तोंडात! तिनं सोडलं नाही. तो हाका मारत होता आणि तिनं मला सोडलं नाही."

एवढी वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून जेवली होती, माझ्या वेण्या घालत होती, ताप आला की उशाशी बसत होती, आणि आत ही हाक घेऊन होती. मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं.

"सुकाबाईनं बरं केलं, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मग ते तिला कुणीतरी सांगायला हवं."

शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही निघालो. तीच गाडी, तेच अर्जुनी, पुढं बैलगाडी. डोंगर धुरकट होते. एका सोंडेवरून धुराचा पट्टा तिरका वर चढत होता आणि गाडीवान त्याच्याकडे न बघता बैल हाकत होता. मी अक्कांचा हात धरून बसले होते. इथं पुन्हा कशाला आलो आपण, असं मला वाटत होतं, आणि परत फिरा म्हणायचा धीर होत नव्हता.

बंगल्यावर आता दुसरा चौकीदार आहे. सोमा वारला. सुकाबाई खालच्या गावात लेकीकडे राहते. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांच्यापाशी बसून ती काठीनं कोंबड्या हाकत होती. केस पांढरे झालेले, डोळ्यांत पडदा आलेला. आम्ही कोण ते तिला ओळखू आलं नाही. मग लाल लुगडं दिसलं असावं. ती काठी टेकत उठली.

अक्का तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं होतं ते मला माहीत होतं, मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. त्यातलं एक वाक्यही आलं नाही.

"सुका," त्या एवढंच म्हणाल्या, "मी तेव्हा त्याची हाक ऐकली होती गं."

सुकाबाईनं हात पुढं केला, चाचपडत अक्कांचं मनगट शोधलं, आणि धरलं.

"मीबी आयकली होती, बाई," ती म्हणाली. "आजून आयकून राहिलो."